उतरल्या सुराची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो, म्हणजे हार्मोनियम. घाटनांदूरच्या हौशी वाद्यवृंदात माझं उभं आयुष्य गेलं. हौशी म्हणजे काय, तर दिवसभर शेतात राबायचं, दुकानात बसायचं आणि दिवेलागणीला देवळाच्या ओवरीत माझ्याभोवती जमायचं. बिदागी म्हणून चहा, तोही कधी बिनदुधाचा!

मला विठ्ठलराव वाजवायचे. पहिला 'सा' माझा, मग बाकीच्यांनी आपापली वाद्यं त्याला मिळवायची, ही रीत. वय झालं तशा माझ्या पोटातल्या पितळी पट्ट्या थकल्या आणि सूर उतरत गेला. पण कुणी मला नावं ठेवली नाहीत. सोमनाथने व्हायोलिनच्या तारा सैल केल्या. मेंढरं राखणाऱ्या आश्रुबांनी तर जरा लांब वेळू निवडून, तापल्या सळईने भोकं पाडून, खास माझ्यासाठी नव्या बासऱ्या केल्या आणि जुन्या पोरांना वाटून टाकल्या. जगाच्या हिशेबी आम्ही सगळेच बेसूर; पण एकमेकांत दुधात साखरेसारखे मिसळलेलो. किती गणेशोत्सव गाजवले आम्ही!

मग विठ्ठलराव गेले. त्यांची मुलगी मोहिनी बीडला संगीत शिकवते. वडिलांची आठवण म्हणून तिने मोठ्या मायेने मला दुरुस्त करून आणलं. नवा भाता, नव्या पट्ट्या, सूरही पुन्हा वर चढलेला! मी नव्या नवरीसारखी मिरवले.

वर्षश्राद्धाला सगळे जमले. मोहिनीने 'सा' धरला. सोमनाथने तारा आवळल्या. आश्रुबांनी एक बासरी ओठाला लावली, मग दुसरी, मग तिसरी. एकही माझ्याशी जुळेना.

"काका, नव्या करा ना," मोहिनी म्हणाली.

"आता भोक पाडाया नजर न्हाई, बाई. अन् बाजारची बोटाला बसत न्हाई. पेटी लई ग्वाड झाली हाय. वाजवा तुमी."

त्यांनी बासऱ्या उपरण्यात गुंडाळल्या आणि ते निघाले. थांबवा त्यांना, असं मला ओरडावंसं वाटलं. पण माझा आवाज दुसऱ्याच्या बोटांत!

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. मोहिनी रडत कारागिराकडे धावली, पण जुन्या पट्ट्या त्याने केव्हाच मोडीत घातल्या होत्या. आश्रुबा पुन्हा आले नाहीत. बासरीवाचून बाकीच्यांचंही मन लागेना. एकेक करून सगळेच यायचे थांबले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण एखादी सुधारायला काढाल, तेव्हा तिच्या आधाराने जगणाऱ्याला आधी विचारा. आज माझा सूर अगदी अचूक आहे, आणि त्याला सूर मिळवायला ओवरीत कुणीच येत नाही.