सहा सेकंद

हुस्नाबींनी मोबाइल ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी ठेवला आणि आवाज वाढवला.

"ये तेरीच आवाज है ना?"

नसरीनचे हात कणकेतच थांबले. मोबाइलमधून तिचा आवाज येत होता. मागे रस्त्यावरच्या ऑटोचा हॉर्न, मधेच लागलेली धाप, सगळं तिचंच.

"सरकार म्हणते चेहरा उघडा, तवा पाकीट भेटन. मौलाना म्हणतात चेहरा झाका, तवा जन्नत भेटन. चेहरा तर त्या माहनूरचा हाय वं. तिले कोणी इचारलं?" मग आवाज खाली आला. "अन् खरं सांगू? मी बुरखा अल्लासाठी नाई घालत. गल्लीसाठी घालते."

हुस्नाबींनी मोबाइल बंद केला. जुमेरातीला, म्हणजे दर गुरुवारी, मोहल्ल्यातल्या बायका त्यांच्या घरी कुराण वाचायला जमत. सहा वर्षं त्यांची ही सूनच वाचून अर्थ सांगत असे. त्याच बायकांच्या ग्रुपवर हे सकाळी आलं होतं.

नसरीनला वाटलं, आता सासू ओरडेल. हुस्नाबी पाटावर बसल्या, गुडघा चोळत राहिल्या.

"तू बोली, वो मेरेकू बी लगता," त्या म्हणाल्या. "चालीस साल से लगता. मैं कभी बोली क्या?"

नसरीनने हात धुतले. हे बोलणं तिने एकाच व्यक्तीला पाठवलं होतं.

पुसदच्या त्या भागात दोन अंगणवाड्या होत्या. एक नसरीनची, एक नाल्यापलीकडे दीपाची. अकरा वर्षांपूर्वी दोघी एकाच प्रशिक्षणात शेजारी बसल्या होत्या. नसरीनचं दुसरं मूल सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा दवाखान्यात चार दिवस तिच्या उशाशी दीपाच होती. त्यानंतर दोघींचं रोजचं बोलणं व्हॉइस मेसेजवर चाले. केंद्रातून घरी चालत जाताना नसरीन बोलायची, भाकरी टाकताना दीपा ऐकायची.

त्या मंगळवारीही तसंच झालं होतं. पोषण आहाराचं पाकीट द्यायचं तर आधी आईचा चेहरा ॲपमध्ये घ्यायचा, असा नवा नियम आला होता. माहनूर दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. पोती उतरवणारे दोन पुरुष दारात उभे होते. तिने नकाब वर केला, नसरीनने फोन धरला. चेहरा जुळत नाही, असं तीनदा आलं. चौथ्यांदा माहनूरने नकाब खाली ओढला आणि पाकीट न घेताच निघून गेली. घरी जाताना नसरीनच्या पोटातलं सगळं दीपाजवळ बाहेर पडलं होतं.

नसरीन नाल्यापलीकडे पोचली तेव्हा दीपा तिच्या केंद्रात भिंतीवर तक्ता लावत होती. नसरीनला पाहून ती स्टुलावरून उतरली. काय झालं, हे तिने विचारलं नाही.

"बस," ती म्हणाली. "चहा मांडते."

"चहा नको. कोणाले पाठोला तू?"

"आपल्या सेविकांच्या संघटनेच्या ग्रुपवर. चुकून गेला वं. दुसरंच पाठवाचं होतं, बोट लागलं. तिथून कोणी कुठं पाठोला, मले काय माहीत?"

नसरीनला ते खरं वाटलं. वाटावं असं तिला फार वाटत होतं. बोट तिचंही लागे. एकदा सासूच्या पायाच्या सुजेचा फोटो तिने थेट सुपरवायझर मॅडमना पाठवला होता.

ती बाकावर बसली. पिशवीतून मोबाइल काढला. जुमेरातीच्या ग्रुपवर आलेला मेसेज उघडला. त्याच्या खाली एक मिनिट सेहेचाळीस सेकंद असं दिसत होतं. मग दीपाला पाठवलेला स्वतःचा मेसेज काढला. एक मिनिट बावन्न. तिने तो कानाशी लावला. सुरुवातीलाच तिचा आवाज होता: "दीपे, हे तुह्याजवळच ठेवजो. कोणाले सांगू नको, बरं?" त्यानंतर सरकार, त्यानंतर मौलाना. ग्रुपवरच्या मेसेजात ही सुरुवात नव्हती.

तिने दोन्ही मेसेज दीपासमोर धरले. दीपाने आकडे पाहिले. तक्त्याचा वरचा कोपरा सुटून खाली लोंबत होता. ती तो पुन्हा दाबू लागली.

"माह्याच्यानं तुह्यासारखं बोलणं होत नाही," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "दोन वर्षांपासून ह्या ॲपच्या विरोधात निवेदनं देऊन राह्यलो आपण. कोणी वाचत नाही. तुहं ऐकून यवतमाळच्या बाया रडल्या वं, नसरीन. आपण नाही बोलाव तं कोणी बोलाव?"

"बोलाव ना. ज्याचं त्यानं बोलाव."

"तुले इचारलं असतं तं तू नाही म्हणाली असती."

"हो," नसरीन म्हणाली. "नाहीच म्हणाली असती."

दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नसरीन उठली, चप्पल घालताना तिचा तोल गेला. दीपाने सवयीने हात पुढे केला. नसरीनने दाराची चौकट धरली.

पुढचे पंधरा दिवस कागदांचे होते. सुपरवायझर मॅडमनी खुलासा मागितला. नसरीनने तो स्वतःच्या अक्षरात लिहिला: आवाज माझा आहे, मेसेज मी पसरवलेला नाही. दीपाचं नाव तिने लिहिलं नाही. संघटनेच्या बायका तो मेसेज घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या. पुढचा आदेश येईपर्यंत पाकिटं रजिस्टरवर सही घेऊन द्या, असं कळवण्यात आलं. दीपाला हार घालतानाचा फोटो संघटनेच्या ग्रुपवर आला.

जुमेरातीचं वाचन आता दुसऱ्या गल्लीत होऊ लागलं. हुस्नाबींना बोलावणं आलं, सुनेला नाही. पहिल्या वेळी त्या ओढणी घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन लसूण सोलत बसल्या. दुसऱ्या वेळी गेल्या.

माहनूर पाकीट न्यायला आली तेव्हा केंद्रात दुसरं कोणी नव्हतं. तिने बाळ मांडीवर घेऊन सही केली आणि पेन परत देता देता थांबली.

"आपा, बरं झालं तुम्ही बोलले."

"मी बोलली नाही," नसरीन म्हणाली. "फक्त एकीला सांगितलं होतं."

माहनूरला फरक कळला नसावा. तिने मान हलवली, पाकीट पिशवीत टाकलं आणि गेली.

दुपारी दीपाचा मेसेज आला, तीन मिनिटांचा. एवढा लांब तिने कधी पाठवला नव्हता. नसरीनने त्यावर बोट नेलं, मग न ऐकताच मागे घेतलं. शेवटी तिने चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत उत्तर लिहिलं: "ताई, तुमच्या केंद्राची पाकिटं इथं उतरली आहेत. उद्या अकरा वाजता माणूस पाठवा."