पोकळी ठेवायची नाही

चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं. अंगठ्याचं नख रिळावरून एकदा फिरलं, दोनदा फिरलं, तिसऱ्यांदा तिने रीळ खिडकीच्या उजेडात धरलं — एकोणीस वर्षं जिची बोटं न बघता हे टोक शोधतात, दिवसाकाठी दोनशे वेळा तरी, तिला रविवारी दुपारी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीच्या पेटीपुढे बसून ते सापडू नये, म्हणजे हसावं की... सापडलं. करकरत पट्टी सुटली. तिने ती साबणाच्या डबीभोवती दोन वेढे घालून दातांनी तोडली.

डबीत साबण होताच. पण साबणाच्या खाली पाच हजार होते, चार घड्या घालून.

काचसामानाच्या कारखान्यात ती पॅकिंगच्या टेबलावर लागली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या मुकादमाने एक भरलेला खोका तिच्या कानाशी धरून हलवला होता. आतून बारीकसं किणकिण वाजलं. ‘काच धक्क्याने फुटत नाही, पोरी,’ तो म्हणाला होता, ‘काच पोकळीने फुटते. जागा दिसली की भर.’ तेव्हापासून तिला जागा दिसत आली. आता म्हातारा नाही, त्याच्या स्टुलावर ती बसते, सगळ्या तिला मुकादमबाई म्हणतात, आणि तिच्या हातचा खोका परत आला असं एकोणीस वर्षांत दोनदाच झालं. तेही गाडीवाल्याने वरून टाकला म्हणून. ते ती अजून ज्याला त्याला सांगते.

तर पेटीतही जागा होत्याच. बुटांच्या पोटात मोजे, मोज्यांच्या पोटात पैसे. उशीच्या अभ्र्याच्या शिवणीत, कंपासपेटीच्या खालच्या कप्प्यात, छत्रीच्या घडीत, जाड शब्दकोशाच्या पुठ्ठ्यामागे... नऊ जागा आणि बेचाळीस हजार. पोरगी चौथीत होती तेव्हापासून दर पगाराला बाजूला काढलेले, काल बँकेतून काढून आणलेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, एवढे सगळे काढताय? आणि ती म्हणाली, मुलगी कॉलेजला चाललीय. त्याने विचारलं नव्हतं तरी पुढेही म्हणाली, पहिल्या यादीत नाव लागलं. तिच्या मागे रांगेत चार माणसं उभी होती, त्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात ते खोटं नाही, बँकेच्या तीन पायऱ्या उतरताना तिला ते खरंच जाणवलं.

नवऱ्याचं तर काय विचारता. तो भट्टीवर, दुसऱ्या पाळीला, एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलला तरी पुष्कळ. पण गेला महिनाभर तो रस्त्यात माणसं थांबवून सांगत सुटला होता. परवा पाण्याचा मीटर बघायला आलेल्या माणसाला त्याने मुलीची गुणपत्रिका दाखवली. तो बिचारा ‘छान छान’ म्हणत आकडा न टिपताच निघून गेला.

मग हे पैसे लपवायचे कशासाठी?

कागदासाठी. तो कागद अजून टेबलावर होता, पाण्याच्या भांड्याखाली दाबून ठेवलेला. गेल्या आठवड्यात पोरीने एका बैठकीत लिहिला होता. वर ‘पहिलं वर्ष’, खाली दोन रेघा. डावीकडे फी, वसतिगृह, खानावळ, बस, पुस्तकं (जुनी), आणि सगळ्यात शेवटी ‘अचानक’. अचानकसाठीही आकडा. हे कुठून सुचतं हिला? आमच्या घरात अचानक नेहमीच आलं, पण त्याच्यासाठी कुणी जागा म्हणून ठेवली नव्हती. उजवीकडे शिष्यवृत्ती, सुट्टीतल्या शिकवण्या, ग्रंथालयातलं संध्याकाळचं काम. तळाला वजाबाकी आणि उरले तीनशे चाळीस.

ती कागद हातात धरून पुन्हा पुन्हा वरून खाली गेली होती. नववीत शाळा सुटलेली बाई ती, तरी आकड्यांना कच्ची नव्हती; बेरीज दोनदा करून पाहिली. बरोबर होती. तिच्याशिवाय बरोबर होती. आधी अभिमान वाटला — सतरा पूर्ण करून अठराव्यात चाललेली पोर, कुणापुढे हात न पसरता वर्ष उभं करते — आणि त्याच क्षणी दुसरंही काहीतरी खुपलं. उजव्या बाजूला ती आपलं नाव शोधत होती. मी कुठे आहे? नऊ वर्षं मी रिक्षा टाळून चालत आले, ती मी कुठे लिहिली आहे? विचारणार कोणाला? पोरीला विचारावं तर ती म्हणणार, आई, जमतंय ना, तू नको काळजी करू. आणि हेच तर ऐकायचं नव्हतं.

म्हणून हा उद्योग. पोर तिथे जाईल, बूट घालायला मोजे काढेल, आणि... तेव्हा परत तर पाठवू शकणार नाही.

ती उठली. झाकण दाबून बसवलं, दोन्ही कड्या लावल्या, पेटी उभी करून हलवली, कान लावला. आवाज नाही. हाताशी जाड काळा पेन होता. तिने पेटीच्या अंगावर वसतिगृहाचा पत्ता लिहिला, खोली क्रमांक लिहिला, आणि चुलीवरचं दूध उतू जातंय का हे मान वळवून बघता बघता हाताने बाकीचं काम आपलं आपण उरकलं.

पोरगी झेरॉक्स आणि फोटो घेऊन आली ती दारातच थांबली.

“आई, हे काय?”

पत्त्याच्या खाली, काचेच्या खोक्यांवर काढतात तसा, उंच दांड्याचा पेला काढलेला होता, शेजारी वर तोंड केलेला बाण आणि ठसठशीत अक्षरांत ‘नाजूक’.

“मी वसतिगृहात चाललेय की निर्यातीला?”

“हाताची सवय गं,” ती म्हणाली. पेन अजून हातातच होतं.

पोरगी हसली, आणि हसता हसता वाकून पेला बघू लागली. पॅकिंगवालीची पोर ती. “पण तू उगाच पेला काढत नाहीस. यात फुटण्यासारखं काय आहे?”

“काही नाही. कपडे, चादरी. उघडू नको आता, मोठ्या मुश्किलीने बसवलंय.”

एवढं बोलली तिथेच चुकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीने कड्या काढल्या आणि कपड्यांच्या चळतीला हातही न लावता सरळ बुटात बोटं घातली. मग छत्री. मग कंपासपेटी. जिथे जिथे पोकळी असायला हवी होती तिथे तिथे तिचा हात न अडखळता गेला, आणि आई बाजूला उभी राहून, चोरी पकडली जात असताना, मनात म्हणत होती... कशी नेमकी जागा ओळखते बघा.

पलंगावर नोटांचा छोटा ढीग झाला.

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, आई? हातात द्यायचे ना.”

“घेतले असतेस?”

“नसते.”

“मग?”

पोरगी टेबलाशी गेली, भांडं उचललं, कागद घेतला. भांड्याचा ओला गोल ‘खानावळ’वर उमटला होता. “हा वाचलास तू.”

“वाचला. छान केलायस. कुणाचं काही लागत नाही तुला.”

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. ते आपलं बाहेर पडलं, आणि तिने घाईने चादरीची घडी हातात घेतली.

“मागची बाजू वाचली नाहीस,” पोरगी म्हणाली आणि कागद उलटा करून तिच्यापुढे धरला. “शिष्यवृत्ती एकाच वर्षाची आहे. पुढे गुणांवर. मिळेल, नाहीही मिळणार.”

मागे ‘दुसरं वर्ष’ होतं. डावीकडे तेच सगळं, आकडे थोडे चढलेले. उजव्या बाजूला एकच शब्द लिहिला होता. आई.

“आकडा कुठाय?”

“मला माहीत नव्हता, तुझ्याकडे किती आहेत ते. तू घाल.”

“आणि मला विचारलंही नाहीस.”

“विचारते ना आता.” पोरीचा आवाज जरा खाली गेला. “पुढच्या वर्षी लागतील, आई. खरंच लागतील. देशील?”

तिने मानेनेच हो म्हटलं. पोरगी झेरॉक्स लावायला आतल्या खोलीत गेली आणि ती पलंगाच्या कडेवर बसून नोटा सरळ करू लागली, एकेक घडी मांडीवर दाबून. काल बँकेतून आणले तेव्हा हे पैसे साठवलेले होते, आता ते मागितलेले होते, आणि मागितलेल्या पैशांना हात लावताना हात वेगळा लागतो हे तिला या वयात कळत होतं. पुढच्या वर्षी पॅकिंगचं यंत्र येणार अशी टेबलावर कुजबुज होती. आठ बाया लागतात तिथे दोन पुरतील म्हणे. हे तिने घरात सांगितलं नव्हतं. आता सांगावं का? कागदावर तर ‘आई’ पेनाने लिहिलंय, पेन्सिलने नाही... बेचाळीस हजार, त्यात अजून बारा पगार, यंत्र आलं तर किती, नाही आलं तर किती. आतून पोरीचा कागद मोजण्याचा आवाज येत होता. तिला भीती वाटली, चांगली वर्षभर पुरेल इतकी. आणि इतकी मोठी भीती वाटावी असं काहीतरी कुणीतरी आपल्यावर सोपवलंय, याचा तिला अभिमानच वाटत राहिला.