साध्या फॉन्टने राखलेली द्राक्षबाग

मित्रांनो, मी एक जुना, साधा मराठी फॉन्ट आहे. फॉन्ट म्हणजे एका वळणाच्या अक्षरांचा संच. तुमच्या घरातल्या फोनमध्येही मी असेन, पण मला नावाने कोणी ओळखत नाही.

एका चित्रकाराने मला घडवलं. माझ्या 'क'चं पोट त्याने कितीदा तरी पुसून काढलं. 'ष्ट्र' बसवताना तर त्याला घाम फुटला. मग मी गावोगावच्या फोनांत पोहोचलो. बसच्या वेळा दाखवल्या, परीक्षांचे निकाल दाखवले. तरी काही सजवायचं म्हटलं की लोक नक्षीदार फॉन्ट निवडत आणि मला विसरत.

नाशिकच्या इंदिरानगरात राहणारी मृण्मयी द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचं वेबपान सांभाळते. जानेवारीतल्या एका दुपारी हवामान खात्याचा इशारा आला, की पहाटे कडाक्याची थंडी पडणार. अशा थंडीत द्राक्षांच्या भरलेल्या मण्यांना तडे जातात. म्हणून बागेला पाणी द्यायचं, शेकोट्या पेटवून धूर करायचा. मृण्मयीचे विश्वेशकाका लग्नपत्रिका छापतात. त्यांनी तो इशारा आपल्या छापखान्यातल्या वळणदार फॉन्टमध्ये टाइप करून दिला आणि तिने तसाच पानावर चढवला. काकांच्या संगणकावर तो पत्रिकेसारखा देखणा दिसत होता.

थोड्याच वेळात निफाडकडून गटातल्या बागायतदार चतुरामावशींचा फोन आला.

"पोरी, हे काय धाडलं गं? नुसती एबीसीडी हाय! आम्हाला काय मडमा समजलीस का?"

काकांचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा होता. आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचे मुखवटे. हे मुखवटे फक्त काकांच्या संगणकात होते. मावशींच्या फोनमध्ये मी हजर होतो, पण दाखवायला खरं मराठी अक्षर एकही नव्हतं. मी काय करणार?

मृण्मयीने मावशींना थंडीचं तोंडीच सांगितलं. पण बाकीच्या गावांचं काय? ऊन उतरायला लागलं होतं. तिने सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक फोनला कळणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत, पुन्हा टाइप केला. फॉन्टच्या जागी माझं नाव लिहिलं आणि पुढे फोनसाठी सूचना जोडली, की हा नसेल तर फोनमधला कुठलाही मराठी फॉन्ट वापर.

काकांनी नाक मुरडलं. "अगं, किती कोरडं दिसतंय! निधनाची बातमी वाटते."

"काका, वाचता आलं नाही तर बागांचंच निधन होईल. तुमचा फोन द्या बघू इकडे!"

काकांच्या फोनवर मी झळकलो. शेजाऱ्यांच्या जुनाट फोनवरही झळकलो. संध्याकाळपर्यंत गावागावांतल्या फोनांवर एकच ओळ उभी होती, 'बागेला पाणी द्या, शेकोट्या पेटवा.' ती माझ्या अक्षरांत होती!

सकाळी मावशींचा पुन्हा फोन आला. "अगं, साऱ्या शिवारात धूरच धूर! माझं नाक काळं झालंय, पण घड टंच हायेत. सगळ्यांचेच!"

काका हसले. "मृण्मयी, तुझा तो कोरडा फॉन्ट माझ्याही संगणकात बसवून दे."

त्या दिवशी माझी साधी अक्षरं मलाच फार देखणी वाटली. मित्रांनो, अक्षरं जरूर सजवा. पण कुणाला काही पाठवण्याआधी ते दुसऱ्याच्या फोनवर एकदा उघडून पाहा. तिकडे कुणीतरी तुमच्या शब्दांची वाट बघत असतं.