न भांडणारे तिघे

आमच्या बेटावरच्या शाळेत विद्यार्थिनी एक, मास्तर एक, स्वयंपाकीण एक, म्हणजे मी, आणि कुत्रा एक. शिकणाऱ्यांपेक्षा पगार घेणारे जास्त, हे शिक्षण कार्यालयाला खुपायचं. त्यांनी वर्षभराची मुदत दिली आणि सोबत टॅबलेटवरचं नवं डिजिटल पुस्तक पाठवलं. त्यात तीन वर्गमित्र होते, पडद्यावर हसणारे, बोलणारे. हे पुस्तक चांगलं ठरलं तर शाळा राहणार. नाहीतर मार्चपासून हेवॉनची रवानगी मोक्पो शहरात, आत्याकडे.

हेवॉन दहा वर्षांची. मला मावशी म्हणते. तशी मी तिची कोणी नाही. पण रोज दुपारी समोर बसून माझ्या कोबीच्या तिखट किमचीला नावं ठेवणारी बेटावर ती एकटीच, म्हणून नात्याची चौकशी मी कधी केली नाही.

पहिला महिना पोरगी खुशीत होती. मग एके दुपारी स्वयंपाकघरात येऊन धपकन बसली.

"मावशी, ते तिघं मूर्ख आहेत."

"अगं, गुणी मुलं आहेत. कधी दंगा नाही, काही नाही."

"मी सांगितलं, ऑक्टोपसला सहा पाय असतात."

"मग?"

"एक म्हणाला, 'वा, किती बारीक निरीक्षण!' दुसरी म्हणाली, 'मलाही तसंच वाटतं.'"

"आणि तिसरा?"

"टाळ्या."

खिडकीबाहेर तिच्या बापाने वाळत घातलेला ऑक्टोपस आठही पाय पसरून लोंबत होता. मला हसू फुटलं. ती हसली नाही.

"तू तरी म्हण ना, चुकलीस म्हणून."

"चुकलीस. आठ असतात, गाढवे."

त्या दिवशी तिने दोनदा भात घेतला.

मी ग्वाक सरांच्या कानावर घातलं. सर निवृत्तीला टेकलेले. दर महिन्याच्या अहवालात 'समाधानकारक' लिहून मोकळे व्हायचे.

"सर, ती पुस्तकातली पोरं नुसती होयबा आहेत."

"हळू बोला, बाई. पुस्तक पास तर शाळा पास. आणि होयबा असणं वाईट असतं, तर मी इतकी वर्षं नोकरीत टिकलो असतो का?"



डिसेंबरात शिक्षण कार्यालयातून तपासणीला यॉम मॅडम आल्या.  सरांनी मुद्दाम सोपा पाठ निवडला: वर्गप्रमुखाची निवडणूक. हेवॉन उभी राहणार, तिघं मत देणार, टाळ्या, चहा, परतीची बोट.

"उमेदवार कोण?" पुस्तकाने गोड आवाजात विचारलं.

हेवॉनने दाराकडे पाहिलं. तिथे कुत्रा झोपला होता.

"दुबू," ती म्हणाली.

"उत्तम निवड! दुबू सगळ्यांचं ऐकून घेतो!"

"मलाही तसंच वाटतं."

टाळ्या.

तिघांची मतं दुबूला. विरोधात एकच, हेवॉनचं स्वतःचं. पडद्यावर फुलं उधळली गेली. आपलं नाव ऐकून दुबू उठला, आळस दिला आणि मॅडमचे बूट हुंगू लागला. मॅडम खळखळून हसल्या. मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "बाळ, पुस्तक आवडतं का तुला?"

सर तिच्याकडे बघत होते. मी डाव हातात धरून दारात उभी. कुठल्या उत्तराने शाळा राहते, हे त्या पोरीला आम्हा दोघांइतकंच ठाऊक होतं.

"मुलं चांगली आहेत, मॅडम," ती म्हणाली. "पण त्यांच्याशी भांडता येत नाही."

मॅडमनी काहीच लिहून घेतलं नाही. तिथेच मी ओळखलं, शाळा गेली.

फेब्रुवारीत शाळा बंद झाली. सर मुलाकडे गेले, हेवॉन मोक्पोला. सामान न्यायला कोणी येईपर्यंत किल्ल्या माझ्याकडे.

परवा हेवॉनचा फोन आला. "मावशी, इथल्या एका मुलीने मला खोटारडी म्हटलं! आमचा वर्गप्रमुख कुत्रा होता म्हटलं, तर म्हणे थापा मारते."

"मग?"

"मग काय, झिंज्या उपटल्या. तिने माझ्या, मी तिच्या." आवाजात नुसता आनंद. "आणि इथली किमची तुझ्यापेक्षा चांगली असते."

"खोटं."

"खरंच! चल, तीच मुलगी बोलावतेय मला."

फोन बंद.

आज दुपारी सवयीने समुद्रशेवाळाचं सूप दोघींपुरतं केलं गेलं. दुबू टेबलाखाली. मी टॅबलेट समोर उभा करून लावला.

"सूप खारट झालंय," मी म्हटलं.

"वा, किती बारीक निरीक्षण!"

"छे, अळणी आहे."

"मलाही तसंच वाटतं."

तिसऱ्याने टाळ्या वाजवल्या. बंद करायला मी बोट उचललं. मग म्हटलं, जेवण होईपर्यंत राहू दे.