दोघं जळाले, तिसरा मी

मी डीकोडर बोलतोय, आणि घाबरून बोलतोय. नखाएवढा माझा जीव, पाठीला रंगीत वायरी. रुळांतून आलेला हुकूम ओळखायचा आणि छोट्या नमुना-इंजिनाची मोटार तेवढीच फिरवायची, हे माझं काम. आम्ही पोटात असलो की एकाच रुळावरची दोन इंजिनं वेगवेगळी चालतात.

निमोण्याचे सोपानराव जन्मभर दौंडला इंजिन ड्रायव्हर होते. गावाला रेल्वे नाही, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी पडवीत फळ्यांवर दौंड स्टेशन मांडलं. एक इंजिन सुटून बाजूला थांबावं, दुसरं गाडीच्या उलट्या टोकाला लागावं, ही त्यांची हौस. त्यासाठी मी हवा.

मला ज्या जुन्या इंजिनात बसवणार, त्यातच माझे दोन भाऊ बसले आणि रुळावर ठेवताच जळाले. समोरच्या बशीत काळे पडलेत, मला दिसतात. दोन्ही वेळा सोपानरावांनी निकाल दिला, "माल डुप्लिकेट!" चौकशी नाही, पंचनामा नाही. घाई माणसाची आणि खापर मेलेल्याच्या माथी!

कारण मला माहीत आहे. मोटारीला वीज पोचवणारा एक कार्बन इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकलाय, सांगाडा चाकांना, चाकं रुळाला. रुळाची वीज उलटी माझ्यात घुसणार. पण मला विचारतंय कोण?

सोल्डरिंगचं टोक तापलं. सोपानरावांनी माझी वायर चिमट्यात धरली.

"अहो, ह्यालाबी जाळताय व्हय?" त्यांच्या पत्नी शेवंताबाई दारातून म्हणाल्या.

"ह्यो ओरिजनल हाय."

"मागचाबी ओरिजनलच व्हता, जळूस्तवर."

"तू गप. जलमभर इंजिन चालवलंय म्या."

"चालवलं की. दौंडात इंजिन बदलल्यावर ब्रेक तपासल्याबिगर कवा गाडी काढली का? आन् हितं नुसतं जोडायचं आन् बटण दाबायचं?"

सोपानराव लालबुंद झाले. वीज तपासायचा मल्टिमीटर आपटतच काढला. "कार्बन सांगाड्याला टेकत आसंल तर शिट्टी मारल ह्यो. ऐक, मारतोय का!" मीटरचं एक टोक कार्बनला, दुसरं सांगाड्याला.

मीटर केकाटला.

सोपानराव बशीकडं बघत राहिले. "आयला, म्याच जाळलं की दोघांना."

"आता तिसऱ्याचं बघा," शेवंताबाई म्हणाल्या.

कार्बनखाली प्लॅस्टिकची पट्टी बसली. मीटर गप्प झाला. मग माझ्या वायरी जोडल्या. आता मी इंजिनाच्या पोटात, रुळावर उभा आहे. त्यांचं बोट बटणावर टेकलंय. भीती गेलेली नाही. मीटरला तरी सगळं कुठं कळतं? एकच मागणं आहे. मी जळालोच, तर मला डुप्लिकेट म्हणू नका. आधी इंजिन उघडा.