आईचा खोकला

धाकट्या बहिणीने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "ताई, भत्त्याच्या तपासणीच्या बाई आल्या की ढब्बूचं कौतुक मिरवत बसू नकोस. काय येत नाही तेवढंच सांग." मी म्हटलं, "हो गं बाई, मला काय कळत नाही?" आणि दुसऱ्या दिवशी मी जे केलं ना, त्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

नियम बदललाय. ज्या मोठ्या दिव्यांग मुलाला स्वतःचं खाणंपिणं स्वतः करता येतं, त्याला सांभाळणाऱ्याचा भत्ता बंद. मुलाचा स्वतःचा तुटपुंजा भत्ता तेवढा चालू. माझा भत्ता गेला तर कपडे दुरुस्तीच्या दुकानात मला अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवस बसावं लागणार, आणि दुपारभर आमचा ढब्बू घरात एकटा. तिशी उलटलेला बाप्या, दाढी अजून मी करून देते. अंगाने दांडगा आणि मनाने एवढंसं पोर. घरात शेगडी, बाहेर जिना, खाली रस्ता.

बाई आल्या. वयाने लहान, चष्मा सारखा नाकावर घसरतोय, मांडीवर टॅब. वाईट नव्हत्या, उगाच खोटं कशाला बोलू? खुर्ची पुढे ओढून त्यांनी हसून विचारलं, "काय काय करतो हो हा?"

आजवर ज्याने त्याने याला काय येत नाही तेच विचारलं होतं. झालं, माझी मेलीची जीभ सुटली. "चहा करतो की! ढब्बू, बाईंना चहा कर."

ढब्बू ऐटीत ओट्याशी उभा राहिला. मी दाराशी. मी खाकरले, त्याने पातेल्यात पाणी घेतलं. खाकरले, त्याने गॅसचं बटण फिरवलं. लगेच पुन्हा खाकरले, त्याने लायटर दाबला. साखर, पावडर, दूध, गाळणं, सगळं तसंच. बशीत थेंब सांडला नाही. माझी मान अशी ताठ झाली होती की विचारू नका.

"काकू, तुम्हाला खोकला झालाय का? पाणी घ्या ना थोडं," बाई म्हणाल्या.

"छे हो, जुनाच आहे," म्हणून मी हसले.

बाई चहा प्यायल्या आणि त्यांनी टॅबवर बोट टेकवलं. "अगदी स्वतंत्रपणे करतो की! छान शिकवलंय तुम्ही."

स्वतंत्रपणे म्हटल्याबरोबर मी भानावर आले. "अहो, थांबा, थांबा! तो स्वतःहून नाही करत. मी खाकरते म्हणून करतो."

भाजीवाल्याने तोलून झाल्यावर भाव बदलला की गिऱ्हाईक बघतं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काकू, आत्ता तर तुम्हीच म्हणालात..."

"म्हणाले, चुकलं माझं. बोलून सांगितलं की तो गोंधळतो, कानांवर हात ठेवतो. म्हणून खाकरून शिकवलंय. एकदा खाकरलं की एक काम. मी गप्प बसले तर तो जागचा हलायचा नाही."

"मग तसं बघू या," त्या म्हणाल्या. त्यांचंही बरोबरच होतं. "पुन्हा करू दे त्याला. तुम्ही मात्र गप्प राहायचं."

मी तोंडावर हात दाबून धरला. नुकताच केला होता म्हणून असेल, पातेलं, पाणी, बटण एवढं त्याने आपसूक केलं. मला वाटलं, आता कसं होणार माझं! मग तो थांबला. हातात लायटर, आणि डोळे माझ्याकडे. गॅस सुसू करत होता. तो माझ्याकडे बघत होता आणि मी भिंतीकडे बघत होते. आपल्याच लेकराची फजिती व्हावी म्हणून मी देवाला विनवत होते. कसली आई मी! वास खोलीभर पसरला. आता बाई पुरे म्हणतील, आता म्हणतील, अशी वाट बघत राहिले.

बाईंच्या घशात वास गेला आणि त्या खोकल्या.

ढब्बूचा चेहरा उजळला. त्याने लायटर शेगडीकडे नेला.

मी कशी झेप घेतली ते मला आठवत नाही. त्याच्या मनगटावर असा फटका हाणला की लायटर भिंतीवर आदळला. बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली. बाई दारात पांढऱ्याफटक उभ्या होत्या. "काकू... माझ्यामुळे..." एवढंच त्या म्हणाल्या. ढब्बू रडला नाही. लाल झालेलं मनगट नुसता बघत राहिला. जन्मात कधी मी त्याच्यावर हात उचलला नव्हता. आणि उचलला तो कधी, तर शिकवलं तस्संच त्याने केलं तेव्हा.

भत्ता चालू राहिला. बाईंनी सगळं खरं खरं लिहिलं, भलं होवो त्यांचं. बहीण फोनवर ओरडली, "जिंकलीस गं ताई!" मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून तो ओट्याकडे फिरकत नाही. मीही आग्रह केला नाही. काल मला सर्दी झाली होती. तो समोर बसला होता, मी एका सदऱ्याची बटणं लावत होते आणि मला खोकला आला, अगदी खराखुरा.

ढब्बूने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.