तिसरी खोट

हॉट टब घेण्यात खरेदीसाहेबांचा फायदा काय होता, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं; म्हणजे पुढे कुणाला त्यांचा राग आला तर तो मापात येईल. बायकोचे गुडघे आणि कंबर धरली होती. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गरम पाण्यात बसलं की सांधे मोकळे होतील. शिवाय मेहुण्यांचं तोंड बंद होणार होतं. त्यांच्या मागच्या अंगणात असा टब होता, आणि "भावोजी, या, हात तरी बुडवून बघा" असं म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. आणखी म्हणजे, निवृत्त झाल्यापासून साहेबांनी भाजीपलीकडे काही विकत घेतलं नव्हतं. कारखान्याचं खरेदी खातं ज्याने आयुष्यभर सांभाळलं, त्याचे हात शिवशिवायचेच.

हे झाले सांगण्यासारखे फायदे. न सांगण्यासारखा एकच होता. त्यांना बायकोच्या तोंडून एकदा 'वा' ऐकायचं होतं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं! पण या घरात 'वा' दुर्मीळ होता, आणि त्याला साहेब स्वतः जबाबदार होते. लग्नानंतरच्या पहिल्याच खरेदीत, एका कपाटासाठी, त्यांनी नव्या नवरीला कामाला लावलं होतं. बायकोने वस्तूला नावं ठेवायची. तीन खोटी काढायच्या. पहिली बारीक, दुसरी मधली, तिसरी जिव्हारी लागेल अशी. साहेबांनी मात्र वस्तूची बाजू घ्यायची, "चांगलं आहे की गं!" म्हणायचं. तिसऱ्या खोटीनंतर तिने उठून दाराकडे चालायला लागायचं, की साहेब दुकानदाराकडे बघून खांदे पाडत, "काय करणार, आमच्याकडे तिचंच चालतं." उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत भाव उतरलेला असे.

कपाट आलं, फ्रिज आला, राहतं घरही असंच आलं. घर बघताना तिने "स्वयंपाकघरात उजेड नाही" म्हटलं होतं. उजेड होता, भरपूर होता. साहेब ते अजून पाहुण्यांना सांगून हसत. बायकोला शेजारीपाजारी वहिनी म्हणत, आपणही तेच म्हणू. या वहिनींना नावं ठेवायची इतकी सवय झाली की वस्तू घरी आल्यावरही कौतुकाचा शब्द तोंडी येईना. साहेब काही आणून समोर ठेवायचे आणि वाट बघायचे. वहिनी म्हणायच्या, "बरं आहे."

तर अशी ही जोडी पहिल्या दुकानात शिरली. मोठं, चकाचक दुकान. रांगेने टब मांडलेले, एकात पाणी भरून ठेवलेलं, वाफा येत होत्या. दुकानदार अंगाने भारी आणि बोलण्यात गोड.

"काकू, कागदावर कशाला बघता? बसूनच बघा. आत कपडे बदलायची सोय आहे. आमच्याकडे पाण्यात पाय टाकल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही."

"आणि पाय टाकल्यावर?" साहेबांनी विचारलं.

"मग काढतात, साहेब."

वहिनी घरून आणलेले सुती कपडे घालून कठडा धरत आत उतरल्या. पाणी छातीपर्यंत आलं. दुकानदाराने बटण दाबलं, भिंतींतून पाण्याचे जोरदार झोत सुटले. साहेब बाजूला स्टुलावर बसून बायकोकडे बघत राहिले, नाटक सुरू होण्याआधी प्रेक्षक बघतो तसे.

"पायरी उंच आहे," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पायरीचं काय घेऊन बसलीस!"

"आवाज फार करतं हे."

"एवढा कुठे? चांगलं आहे की गं!"

मग वहिनी थांबल्या. त्यांनी एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा छातीवर. चेहरा उतरला होता, ओठांच्या कडा पांढुरक्या दिसत होत्या. "माझा जीव घाबरतोय हो," त्या म्हणाल्या. "हे नको मला. बाहेर काढा."

साहेब मनातल्या मनात उठून उभे राहिले. काय खोट काढली होती! इतक्या वर्षांत त्यांना स्वतःला सुचली नव्हती अशी. लाकडाला, रंगाला, दाराला नावं ठेवता येतात आणि दुकानदार त्यांना उत्तर देतो; पण 'जीव घाबरतो' याला कोण काय उत्तर देणार? दुकानदार खरंच गडबडला. टॉवेल आणा, पाणी आणा, आणि "काकू, पहिल्या वेळी सगळ्यांनाच होतं, सवयीने जातं" असं म्हणत म्हणत त्याने झाकण फुकट देऊ केलं, फिटिंग फुकट देऊ केलं; भाव तेवढा सोडला नाही. साहेबांनी खांदे पाडले आणि बायकोला हाताला धरून बाहेर आणलं. तिचा हात गार पडला होता. तेही त्यांना अभिनयातच जमा वाटलं.

गाडीत बसल्यावर ते हसत सुटले. "तिसरी तर कमालच केलीस!"

"खरंच नको हो मला ते," वहिनी म्हणाल्या. "खरंच धडधडलं."

"अगं, दुकान मागे राहिलं आता. बास कर."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. काही महिन्यांपूर्वीपर्यंत हा माणूस दुपारभर खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या गाड्या मोजत असे. आज दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, लाल कानांनी हसत होता. त्यांनी सीटचा पट्टा ओढून लावला.

त्यानंतर साहेबांचे दिवस भरले. फोन, दरपत्रकं, टेबलावर मोजपट्टी. जेवताना ते हीटरवर बोलत, झोपताना झाकणाच्या जाडीवर. दुसऱ्या दुकानात एक तरुण मुलगी होती. तिला घासाघीस माहीतच नव्हती. भाव स्क्रीनवर दिसतो तोच, असं ती शांतपणे म्हणाली. वहिनींनी तिन्ही खोटी काढल्या, तिसरी पुन्हा तीच. या वेळी त्या पाण्यात शिरल्याही नाहीत, नुसत्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "मला सोसत नाही." जोडी दारापर्यंत गेली. मागून हाक आली नाही. साहेब उंबऱ्यावर उगाचच बुटाची लेस बांधत राहिले, तरी नाही.

"या पोरींना धंदा कळत नाही," ते रस्त्यात म्हणाले.

"नाही तर नाही. जाऊ दे ना आता. घरी बादलीत पाय शेकते मी."

"असं कसं जाऊ दे! तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं?"

लेकीचा परगावाहून फोन आला तेव्हा वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, घेत नाहीत ते काही. तुझ्या बाबांना घेण्यात रस नाही, उठून येण्यात आहे. चार दुकानं फिरतील, दमतील, गप्प बसतील." लेक हसली. हिशोब बरोबर होता. चूक एवढीच झाली की तो तिसऱ्या दुकानदाराला कुणी सांगितला नाही.

तिसरा दुकानदार म्हातारा होता, चष्मा दोऱ्याने बांधलेला. दुकान बंद करायला निघाला होता. अर्धी जागा रिकामी, भिंतीवर टबांच्या खुणा तेवढ्या उरलेल्या. शेवटचा एक टब कोपऱ्यात होता, दुकानात मांडून मांडून जरा मळलेला, पण धड. वहिनींनी पायरी उंच असल्याचं सांगितलं. म्हातारा "आहे" म्हणाला. आवाज होतो म्हणाल्या, त्यावर तो "होतो" म्हणाला. वहिनींनी तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत म्हाताऱ्याने साहेबांकडे वळून विचारलं, "ते राहू द्या. तुम्ही बोला, काय द्याल?"

इतक्या वर्षांत साहेबांना कुणी इतक्या लवकर विचारलं नव्हतं. ते चपापले, आणि चपापलेला खरेदीदार जे करतो तेच त्यांनी केलं. कुणीही शुद्धीवर असताना देणार नाही असा आकडा सांगितला. मागितल्याच्या निम्म्याहून कमी. आता म्हातारा हसेल, आपण उठू, मग खरी सुरुवात होईल.

म्हाताऱ्याने हात पुढे केला. "दिला."

वहिनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. आणि साहेबांना कळलं की त्यांना उठता येत नाही. खरेदी खात्यातला त्यांचा एकच धर्म होता, नव्या पोरांना ते तोच शिकवत: समोरच्याला वाट्टेल तितकं ताणा, पण तुमच्या तोंडून आकडा गेला आणि त्याने 'दिला' म्हटलं, की माल तुमचा. तिथून मागे फिरतो तो खरेदीदार नव्हे, भुरटा.

त्यांनी हात मिळवला. वहिनींनी डोळे मिटले.

टब आला. चौघांनी तो मागच्या फरशीवर ठेवला, वायरमनने जोडून दिला, आणि पहिल्या संध्याकाळी वहिनी आत उतरल्या. साहेब समोर खुर्ची टाकून बसले. त्यांनी विचारलं काहीच नाही. पण चेहऱ्यावर असं काही होतं की रस्त्यावरच्या अनोळखी माणसानेही त्यांना हवं ते देऊन टाकलं असतं.

"वा," वहिनी म्हणाल्या. "बरं वाटतंय हो."

साहेबांनी आत जाऊन लेकीला फोन लावला. "तुझी आई वा म्हणाली!"

मग रोज संध्याकाळी हे सुरू झालं. साहेब झाकण काढत, पाण्यात हात घालून बघत, बायकोला हात देऊन आत उतरवत. वहिनी थोडा वेळ बसत, 'वा' म्हणत, आणि बाहेर येऊन बराच वेळ आडव्या पडून राहत. "अंग सैल पडतं," म्हणत. जेवण कमी झालं होतं. जिना चढताना मध्ये थांबत. साहेब म्हणत, वय झालं. आणि दुसऱ्या दिवशी पाणी आणखी जरा गरम ठेवत.

एका संध्याकाळी गार वारा सुटला होता. वहिनी पाण्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पायरीची सवय झाली आता."

"झाली ना?"

"आवाजही मंद वाटतो. झोप येते त्याने."

"मग! मी म्हणत नव्हतो?"

"आणि जीव कसा शांत होतो माझा."

साहेब हसायला गेले आणि हसू अर्ध्यात राहिलं. पायरी, मग आवाज, मग जीव. बारीक, मधली, जिव्हारी लागणारी. क्रम त्यांचाच होता. त्यांनीच शिकवलेला, एका कपाटाच्या दुकानात. समोर वहिनी तोच चेहरा लावून बसल्या होत्या, जो दुकानदारांसमोर लावत. फक्त आता दुकानदाराच्या जागी ते होते.

ते खुर्चीतून उठले, टबाशी गुडघ्यांवर बसून, बाहीसकट हात बुडवून त्यांनी पाण्यातला तिचा हात धरला. मनगटात नाडी जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखी फडफडत होती.

"तू दुकानात खरं बोलत होतीस," ते म्हणाले.

वहिनींनी होकाराची मान हलवली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही उठून याल. नेहमी उठता."

"घरी तरी सांगायचंस."

"सांगितलं की. गाडीत." ओठ पुसून त्या पुढे म्हणाल्या, "आणि नंतर तुम्ही इतके खूश होतात. म्हटलं, इतक्यांदा खोटं बोलून वस्तू स्वस्तात घेतल्या. एकदा खोटं बोलून तुम्हाला काहीतरी द्यावं."

त्याच रात्री डॉक्टर झाले, दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर झाले. हृदयाची ताकद कमी आहे, आधीपासूनच असणार. त्यात रोजच्या गरम पाण्याने ते जास्तच थकलं. औषधं, मीठ बंद, जिना बंद. मोठ्या डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, "पाण्यात घाबरं व्हायचं, हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

वहिनी पलंगाच्या कडेकडे बघत राहिल्या.

"बोलली होती," साहेब म्हणाले. "मला."

पलंग खालच्या खोलीत आला. साहेबांनी झाकण लावलं ते पुन्हा काढलं नाही. म्हाताऱ्याचं दुकान तोवर बंद झालं होतं. तिथे आता चपला मिळत होत्या. शेवटी लेकीने जाहिरात टाकली आणि एक जोडपं बघायला आलं. नवरा टबाभोवती फिरला, त्याने टिचक्या मारून पाहिल्या. बायको जरा मागेच उभी होती.

"रंग उडालाय," ती म्हणाली. "आणि एवढा मोठा कशाला? मला नकोच आहे."

नवरा साहेबांकडे बघून हसला. "काका, तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे हिचंच चालतं."

साहेब त्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले. "बाळा, भावाचं सोड. तुम्ही सांगाल त्यातच देईन. पण तुला खरंच नको आहे का?"

मुलगी गोंधळली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "नाही काका, म्हणजे... मला हवाय. पाठ फार दुखते माझी."

"छातीत धडधडतं कधी? गरम पाण्याने जीव घाबरतो?"

"नाही हो."

"मग घे."

नवऱ्याने भीत भीत एक आकडा सांगितला. साहेबांनी हात पुढे केला. पुन्हा चौघे आले आणि टब गाडीवर चढला. फरशीवर त्याचा फिकट गोल उरला. वहिनी खालच्या खोलीच्या खिडकीतून बघत होत्या. उशी जरा वर करून देत साहेबांनी विचारलं, "गार वाटतंय का? खिडकी लावू?"

"नको."

त्यांनी खिडकीवरचा हात काढून घेतला.

तर आता हिशोब. म्हाताऱ्याची शेवटची जागा मोकळी झाली. चौघांना दोनदा काम मिळालं, वायरमनला एकदा. त्या मुलीच्या पाठीला पाण्याची ऊब मिळाली, आणि तिच्या नवऱ्याला वाटलं, या काकांना भाव कळत नाही. साहेबांना चार पैशांचा तोटा झाला. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, मेहुण्यांनाही नाही. आणि बाकी सगळी रक्कम, जिन्यापासून ते श्वासापर्यंत, वहिनींनी भरली. घासाघीस न करता.